सातवं रीळ आठव्यानंतर

मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो आम्ही दोघं. चैत्र सरत आला होता. वर्षाची चटणी करायची म्हणून तीन किलो संकेश्वरी आणि दोन किलो ब्याडगी मिरची आणलेली. मधे पोतं, एका बाजूला ती, एका बाजूला मी, समोर टीव्ही. केबलवर दुपारचा पिक्चर लागला होता. घरगुती. आम्ही थेटरवाले ज्याला 'रडका' म्हणतो, तसला.

"आता ह्यो खोकणार बघ," मी म्हटलं. पिक्चरातला बाप छातीला हात लावून खोकला.

"गप बसा की जरा," गौरव्वा म्हणाली. गौरव्वा म्हणजे माझी बायको.

"आता देव्हाऱ्यातला दिवा फडफडणार."

फडफडला.

"आवो, मी बघालोय न्हवं? तीस वर्सं झाली लगीन हून, एक पिक्चर मला सरळ बघू दिला न्हाईसा. शेवट आधीच सांगून मोकळं. मग काय गोडी ऱ्हाती त्यात?"

मी पुढची मिरची घेतली. पिक्चरात बाप गेला. मग थोरल्या सुनेनं हार चोरल्याचा आळ सासूवर घातला. दोन्ही लेकं खाली माना घालून उभी. म्हातारीनं एका लुगड्याचं बोचकं बांधलं, उंबऱ्यावर आली, वळून घराकडं बघितलं, आणि लाईट गेली. म्हणजे आमची. लोडशेडिंगची वेळ झालेली.

टीव्ही काळा झाला. गौरव्वा माझ्याकडं वळली.

"आता सांगा."

"काय सांगू?"

"म्हातारी परत येती का न्हाय?"

खरं सांगायचं तर तो पिक्चर मी बघितलेला नव्हता. पण मला बघायला लागत नाही. तरी म्हटलं, "आता न्हाय सांगत. जलमभर सांगू नगा, सांगू नगा म्हणालीस. आता बस की तशीच."

"सांगा की वो!"

"उद्या सांगतो. उरलेल्या मिरच्या खुडताना."

तिनं एक देठ माझ्या अंगावर टाकलं. "लई मोठं लागून गेलासा ऑपरेटर! म्हातारी परत येती का न्हाय तेवढं सांगा!" म्हणाली. मी हसलो, चपला घातल्या आणि चटणी कुटून देतात त्या कांडपावर नंबर लावायला गेलो.

एवढंच. हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. पुढचं पुढं सांगतो. आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

ह्या अंकाचे संपादक घरी आले होते. म्हणाले, थेटरातल्या नोकरीवर लिहा. मी म्हटलं, मी सातवी नापास माणूस, मला शुद्धलेखन येत नाही. ते म्हणाले, ते आम्ही बघतो, तुम्ही बोलता तसं लिहा. म्हणून लिहितोय. कुणाला टोचलं तर माझी भाषाच तशी आहे.

मी ऑपरेटर होतो. कोल्हापुरात एका थेटरात अठ्ठावीस वर्षं पिक्चर दाखवला. थेटराचं नाव घालत नाही, पाडलं ते. आता तिथं लग्नाचा हॉल आहे. मी उचगावचा, सायकलीवरनं जायचो. गौरव्वा माहेरची नेसरीकडची, गडहिंग्लजच्या पलीकडं. आमच्यात आईला अव्वा म्हणतात, बापाला अप्पा, बायकासुद्धा 'मी जातो, मी बसतो' असंच बोलतात, आणि राग आला की कानडीत शिव्या देतात. मालकांनी नव्वदनंतर तिला बायकांच्या दाराला डोअरकीपर म्हणून घेतलं. तिकीट फाडायचं, बॅटरी दाखवून जागेवर बसवायचं. बायकांच्या बाजूला गडीमाणूस नको म्हणून. तर ती खाली अंधारात, मी वर केबिनीत. एकाच थेटरात नोकरी करून आम्ही एक पिक्चर शेजारी बसून बघितला नाही. लोक म्हणायचे, तुमची चैन आहे, रोज फुकट पिक्चर. कसली चैन!

आता ऑपरेटर काय करतो ते सांगतो. पिक्चर पेटीतनं यायचा, एस्टीच्या टपावरनं. सोळा रिळं असली तर दोन-दोन जोडून आम्ही आठ मोठी करायचो. केबिनीत मशिनं दोन. एकावर पहिलं रीळ चालू असतंय, तोवर दुसऱ्यावर दुसरं चढवून ठेवायचं. पहिलं संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक ठिपका येतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटार चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. त्याला हे बंद, ते चालू. जमलं तर लोकांना कळतसुद्धा नाही. नाही जमलं तर पडदा पांढरा, आणि खालनं "ए ऑपरेटर, झोपलास व्हय रं?" पासून आई-बहिणीपर्यंत सगळं.

मशीन बदलताना माझा पडदा कधी पांढरा झाला नाही. लोकांनी तो ठिपका आजवर बघितला नसेल आणि मी त्याच्याशिवाय काही बघितलं नाही. बाई रडतीय, बाप मरतोय, माझा डोळा उजव्या कोपऱ्यात.

पण कानानं ऐकू येतंयच की. अठ्ठावीस वर्षं, दिवसाला चार खेळ. त्यातनं मला ह्या रडक्या पिक्चरची सगळी मेख कळली. आता शिकलेली माणसं ह्यावर पुस्तकं लिहितात म्हणे. मी फुकट सांगतो. पिक्चरात माणूस साध्या सर्दीनं खोकत नाही. दुसऱ्या रिळात खोकला तर पाचव्याला गेला. चिठ्ठी जिच्यासाठी लिहिली तिच्या हातात पडत नाही, सासूच्या हातात पडते. घरात गोड केलं, सगळे हसून जेवले, की पुढच्या दहा मिनिटांत घराचे दोन तुकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेली बाई वाईट, डोक्यावर पदर असलेली चांगली. ही चांगली बाई कधी उलटून बोलत नाही. तिनं तिसऱ्या रिळात एकदा तोंड उघडून खरं काय ते सांगितलं तर पिक्चर इंटरवलच्या आधी संपेल आणि कँटीनवाला उपाशी मरेल. डॉक्टरनं चष्मा काढला की माणूस गेला, नुसती गोळी लिहून दिली की जगला. आणि मरणारं माणूस बोलल्याशिवाय मरत नाही. भांडलेल्या पोरांचे हात एकमेकांच्या हातात देतं, थोरल्या सुनेला माफ करतं, मग मान टाकतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, सगळी जणं वेळेवर पोचतात. कुणी मुंबईला असू दे नाहीतर तुरुंगात. म्हातारीची मान पडायच्या आधी दारात "आई!" म्हणून हाक येणारच.

गौरव्वाचा राग ह्या शेवटच्यावर होता. तिची अव्वा नेसरीकडं वारली तेव्हा निरोप सकाळी आला. आम्ही लगेच एस्टीत बसलो. गाडी घाटात बंद पडली. दुसरी येईपर्यंत दोन तास रस्त्याकडंला. पोचलो तेव्हा माती देऊन माणसं परत निघालेली. तिच्या काकानं नुसतं म्हटलं, "किती थांबायचं गं?" त्यानंतर पिक्चरात कुणी वेळेवर पोचलं की खाली दारात उभी राहून पुटपुटायची, "ह्यास्नी बरी गाडी मिळती!" शेजारच्या बायका हसायच्या.

आमच्याकडं एकेक गिऱ्हाईक बघण्यासारखं होतं. गुळाचा एक व्यापारी यायचा, बाळूअण्णा. धिप्पाड माणूस, अडतीत हमालांवर ओरडला की रस्त्यावरची गाढवं थांबायची. हा बाल्कनीचं तिकीट काढायचा आणि इंटरवलनंतर यायचा. आधी मला विचारून ठेवायचा, "पावणं, रडायचं किती वाजता हाय?" मी सांगायचो, सव्वापाचला. बरोबर पाचला यायचा, रडायचा, पंधरा मिनिटं, पोटभर. मग नळावर तोंड धुऊन शेवट न बघताच अडतीला. एकदा मी विचारलं, "अण्णा, शेवट तर बघा." म्हणाला, "शेवट घेऊन काय करू? शेवटाला समदी हसत्यात. हसायला मला घरात जागा हाय."

तेव्हा आम्ही त्याची टिंगल केली. आता करणार नाही.

तर आता त्या चुकीचं सांगतो. अठ्ठावीस वर्षांत मी केलेली एकच चूक.

असाच एक रडका पिक्चर. नवा नव्हता, गावोगाव फिरून घासलेला. लोक नव्याला यायचे त्याच्या दुप्पट बायका ह्या जुन्याला यायच्या. पेटी बाराला यायची ती अडीचला आली, तीनचा खेळ तोंडावर. पोस्टर लागलेलं, खाली बायकांची रांग. रिळं आधीच्या गावात जोडून आठ केलेलीच होती, पण डबे उघडून बघायला वेळ नव्हता. डब्यांवर खडूनं आकडे होते त्या क्रमानं मी रिळं लावत गेलो. आधीच्या गावच्या ऑपरेटरनं सातव्याच्या डब्यात आठवं आणि आठव्याच्या डब्यात सातवं घातलं होतं. त्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते छापता येणार नाही. पण चूक माझीच. रिळाचं तोंड उजेडाला धरून बघायचं असतं. मी बघितलं नाही.

सहाव्या रिळाला म्हातारीला घरातनं काढलेली. आता खरं म्हणजे सातव्यात ती परत येते, चुलीपुढं बसते, धाकटा लेक तुरुंगातनं सुटून येतो, ती त्याला भाकरी करून वाढते, दोघं हसतात. मग आठव्यात भावा-भावांची मारामारी, मधे पडलेल्या म्हातारीला काठी लागते, हातात हात, माफी, मान पडते, समाप्त.

माझ्याकडं सहाव्यानंतर एकदम मारामारी. मला कोपऱ्यातला ठिपका दिसला, मी मशीन बदललं, मनात काही आलं नाही. खाली बायका रडायला लागल्या. म्हातारी परत कधी आली हे कुणी विचारलं नाही. काठी लागलेली दिसली की बाई हिशेब बघत नाही. रडारड झाली, मान पडली, पडद्यावर 'समाप्त' आलं. मी मशीन बंद करायला हात घातला आणि दुसऱ्या मशिनकडं नजर गेली. आठवं म्हणून चढवलेलं रीळ तसंच शिल्लक.

खाली गौरव्वानं दारं उघडली होती. बायका डोळे पुसत, चपला शोधत उठत होत्या. निम्म्या जिन्यात. मला वाटलं, गप्प बसावं, घरी जाऊ द्यावं. पण लोकांनी तिकीट सबंध पिक्चरचं काढलं होतं. वीस मिनिटं खाऊन मोकळं होणारा ऑपरेटर मी नव्हतो. लावलं.

पडद्यावर उजेड आला. गौरव्वा खालनं ओरडली, "बसा गं बसा! आजून हाय!"

आणि पडद्यावर ती म्हातारी. मघाशी मेलेली. दारातनं आत आली, पदर खोचला, चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं.

थेटरात चिडीचूप. मी केबिनीच्या भोकाला डोळा लावून उभा. म्हटलं, आता खुर्च्या मोडणार. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, मोठ्यानं, भर बाजारात हाक मारावी तसा.

"आली की गं म्हातारी!"

आणि टाळ्या. मी अठ्ठावीस वर्षांत हाणामारीला टाळ्या ऐकल्या, हिरोच्या एंट्रीला ऐकल्या. भाकरी थापणाऱ्या म्हातारीला त्या एकदाच. जिन्यातल्या बायका पळत आत आल्या आणि उभ्यानं बघितलं. लेक दारात आला. म्हातारीनं ताट वाढलं. दोघं हसली. रीळ संपलं. समाप्त-बिमाप्त काही नाही. नुसतं पांढरं. आणि बायका हसत बाहेर पडल्या. रडक्या पिक्चरला आलेल्या बायका.

जाता जाता एक म्हातारी जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि वर केबिनीकडं बघून म्हणाली, "पावणं, ब्येस केलासा!"

सगळी पांगल्यावर गौरव्वा वर आली. डोळे लाल, पण तोंड असं की सोळा वर्षांची पोर.

"मुद्दाम लावलासा?"

"खुळी का काय? चुकलं माझं. मालकास्नी सांगू नगंस."

"मग उद्या परत चुका की."

"काय?"

"उद्या तीनच्या खेळाला. एकडाव. मी दारात न्हाय, आत जाऊन बसतो. मघाशी निम्मा येळ मी दारं उघडायच्या नादात व्हतो. ती आत आली ते मला धड दिसलं न्हाय." मग म्हणाली, "मागनं अव्वागतच दिसती वो ती."

मी म्हटलं, "मी ऑपरेटर हाय. डब्यात जसं हाय तसं लावायचं. उलटं लावलं असं पेठेत कळलं तर मला कोण उभा करून घेईल?"

"कळंना. बायकास्नी आवडलंय."

"बायकास्नी आवडतंय म्हणून मेलेलं माणूस उठवू? गप खाली जा."

ती खाली गेली. सहाचा खेळ मी सरळ लावला. सातवं सातव्याला, आठवं आठव्याला. दुपारच्या बायकांनी जाता जाता सहाच्या रांगेत आणि रस्त्यात सांगितलेलं, म्हणून सहाला गर्दी जास्त. खेळ सुटल्यावर पाच-सहा जणी गौरव्वाच्या अंगावर आल्या. "आमच्या येळंला म्हातारीला मारलासा व्हय गं? दुपारच्या काय तुमच्या पावण्या लागत्यात?" तिनं मान वर करून केबिनीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तीनला ती दारातच उभी राहिली. आत गेली नाही. मी सरळ लावलं. गुरुवारी पेटी पुढच्या गावाला गेली.

चार दिवस मला जेवण मिळालं, शब्द मिळाला नाही. मग विसरली. म्हणजे मला वाटलं, विसरली.

माझी बाजू आजही तीच आहे. ऑपरेटरनं पिक्चर बदलायचा नसतो. ज्यानं काढला त्यानं डोकं लावून काढलाय. मी त्यात हात घातला तर उद्या दुसरा ऑपरेटर गाणी कापून फिल्मचे तुकडे पोरांना वाटेल, वाटायचेच काही जण. मी ह्या बाबतीत ताठ होतो आणि त्याचा मला अभिमान आहे. फक्त एवढंच वाटतं, की एका दुपारी, एका खेळाला, एका बाईसाठी डबा बदलला असता तर मशीन काही मोडणार नव्हतं.

पुढं थेटर बंद पडलं. त्याची कहाणी सगळ्यांना माहीत आहे, ती मी उगाळत नाही. मी घरी बसलो, ती घरी बसली, मधे टीव्ही. मी तिला पिक्चरचे शेवट सांगत राहिलो.

आता त्या दुपारचं.

कांडपावर गर्दी होती. नंबर परवाचा मिळाला. म्हणजे मिरच्यांना दुसऱ्या दिवशीचं कडक ऊन देऊन, परवा सकाळी तेलात परतून न्यायच्या. मी चारला घरी आलो. लाईट आलेली. टीव्ही आपसूक चालू झालेला, आवाज बाहेरपर्यंत. गौरव्वा भिंतीला टेकून टीव्हीकडं तोंड करून बसलेली. मांडीवर मिरच्या.

मी चपला काढता काढता म्हटलं, "संपला न्हवं पिक्चर? कळला का शेवट?"

बोलली नाही. मला वाटलं, रुसलीय. मी म्हटलं, "परवा धाचा नंबर हाय. उन्हात टाकाय पायजेत उद्या." मग पाणी प्यायलो. मग म्हटलं, "च्या टाकतीस का मी टाकू?"

तीनदा बोललो मी तिच्याशी. मग जवळ गेलो.

तिची मान पडलेली नव्हती. सरळ होती. बांगडी फुटली नव्हती, दिवा विझला नव्हता, वारा सुटला नव्हता. टीव्हीवर अंगाच्या साबणाची जाहिरात चालू होती आणि एक बाई हसत होती. गौरव्वाच्या दोन बोटांत एक मिरची होती, देठासकट. कोपऱ्यावरचा डॉक्टर आला. त्याला चष्मा नव्हता. नाडी बघितली आणि म्हणाला, "काका, तास झाला असंल."

हे पिक्चरवाल्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

लेकीला फोन केला. महादेवी, एकुलती एक, गडहिंग्लजला दिलेली. तोवर भावकी जमली. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, बसवून. सगळी तयारी साडेपाचलाच झाली. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "चला, दिवस मावळायच्या आत उरकू."

मी म्हटलं, "महादेवी आल्याबिगार हलायचं न्हाय."

"आरं, गडहिंग्लज काय जवळ हाय? गाडीचा भरवसा न्हाय. किती थांबायचं?"

तेच वाक्य. मला तो घाट दिसला, ती बंद पडलेली एस्टी, आणि रस्त्याकडंला दगडावर बसलेली गौरव्वा.

"गाडी बंद पडली तर चालत येईल. मी थांबतो. तुमाला घाई असंल तर चहा पिऊन घरला जावा," मी म्हटलं. ओरडूनच म्हटलं. "माझ्या थेटरात मशीन कवा चालू करायचं ते मी ठरवत होतो. हितंबी मीच ठरवणार."

म्हातारा खुळावला, असं कुणीतरी मागं म्हणालं. म्हणू दे. सातच्या सुमाराला जीप गल्लीत शिरली आणि दारातनं हाक आली, "अव्वा!" पिक्चरात येते तशीच. फरक एवढाच की पिक्चरात माणसं वेळेवर पोचतात, आणि आमच्यात ती पोचेपर्यंत वेळ धरून ठेवायला लागते.

तिला मातीत बसवली तेव्हा कपाळाला विभूती, पाठ सरळ, तोंड समोर. अंधारात बाकीच्यांना काय दिसलं माहीत नाही. मला ती आत जाऊन खुर्चीवर बसल्यागत दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच उठलो. भावकीतल्या बायका सोप्यात पडून होत्या. पोतं भिंतीकडंला तसंच. निम्म्या मिरच्या खुडायच्या राहिलेल्या. ऊन चढायच्या आत गच्चीवर पडायला पाहिजेत. मी पोतं ओढलं, माझ्या जागेवर बसलो आणि सुरुवात केली. शेजारीण चहा घेऊन आली, ती म्हणाली, "काका, आज कशाला ते?" मी म्हटलं, "नंबर लावलाय."

थोड्या वेळानं महादेवी आली. पोत्याच्या पलीकडं बसली, तिच्या आईच्या जागेवर. मूठभर मिरच्या ओढून घेतल्या. चार-पाच देठं खुडली आणि मग म्हणाली, "अप्पा, अव्वा शेवटाला काय म्हणाली?"

पिक्चरात असतं तसं काहीतरी लेकीला पाहिजे होतं. 'पोरीला जपा' म्हणाली, असं सांगता आलं असतं. मी खोटं बोललो नाही.

"म्हणाली, म्हातारी परत येती का न्हाय ते सांगा."

"कोण म्हातारी?"

मी सांगितलं. टीव्हीवरचा पिक्चर, हाराचा आळ, बोचकं, उंबरा, गेलेली लाईट. आणि मी सांगितलं नाही ते.

तिनं आणखी एक मूठ खुडून संपवली. मग म्हणाली, "मग? येती का?"

मी तो पिक्चर बघितलेला नाही हे आधी सांगितलंय. पण असल्या पिक्चरात काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. हातात हात, माफी, मान पडते. त्याचं ते रीळ मी आधी सांगून टाकलं, पटपट, दोन वाक्यांत. कोपऱ्यातल्या ठिपक्याची वाट बघितली नाही. मग हातातली मिरची खाली ठेवली आणि राहिलेलं रीळ लावलं.

"मग म्हातारी दारातनं आत येती," मी म्हटलं. "पदर खोचती. चूल पेटवती. पीठ मळाय घेती."

महादेवी मान वर करून बघायला लागली. मी सावकाश सांगितलं. भाकरी कशी थापली, कशी फुगली, लेक दारात कसा आला, ताटात काय काय वाढलं. वीस मिनिटांचं रीळ आहे ते. एक फूट कापलं नाही.

संपलं तेव्हा पोतं रिकामं झालेलं. मी मिरच्या सुपात भरल्या, गच्चीवर नेल्या आणि उन्हात पसरल्या.